न पाहिलेली गुहा

सहलीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेइतका आशावादी वाङ्मयप्रकार आपल्याकडे दुसरा नाही. पंचांगकर्ते पिढ्यान्‌पिढ्या ग्रहांशी वागून अनुभवी झालेले असतात. तरी पर्जन्यविचार लिहिताना 'मध्यम' आणि 'खंडवृष्टी' असे दोन शब्द ते हाताशी राखून ठेवतात. सहलीच्या पत्रिकेला असली धास्ती ठाऊक नसते. 'सकाळी साडेसहा – चहा. सात – प्रस्थान. साडेआठ – धबधबा. सव्वादहा – गुहा. एक – भोजन.' या ओळी वाचताना वाटते, की धबधब्याला आणि गुहेलाही एकेक प्रत आगाऊ पोचती केली असावी आणि दोघांनीही पोच दिली असावी. पावसाला मात्र पत्रिका पाठवायचे हमखास राहून जाते. मग आमंत्रण नसलेला सोयरा मांडवात यावा तसा तो येतो आणि सगळ्यांच्या आधी पाटावर बसतो.

ठरवून, बरोबर माणूस देऊन, पैसे आगाऊ घेऊन लोकांना हिंडवून आणण्याच्या या धंद्याचा उगम इंग्लंडात सांगतात. थॉमस कुक नावाच्या गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे माणसे आगगाडीत बसवून लेस्टरहून लफबरोला नेली आणि माणशी एक शिलिंग घेतला. मंडळी चालली होती मद्यपानविरोधी सभेला! सहलीच्या आद्यपुरुषाने दारू सोडा म्हणून माणसे गोळा करावीत, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा. पण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून दिंडी होतीच की! तिलाही पुढारी असतो, मुक्काम ठरलेले असतात, पंगत ठरलेली असते. फरक एवढाच, की दिंडीने पाऊस हिशेबात धरलेला असतो. आषाढात घर सोडायचे म्हणजे भिजायचे, चिखल तुडवायचा आणि ओल्या धोतरानेच अभंग म्हणायचा. 'पावसाने यंदा वारी वाया गेली' असे म्हणणारा वारकरी अजून कुणाला भेटलेला नाही. 'पावसाने सहल वाया गेली' असे म्हणणारे मात्र घरोघर भेटतात.

असे म्हणणाऱ्यांच्या एका बसमध्ये गेल्या श्रावणात मी आणि माझी पत्नी बसलो होतो. नागपूरहून निघालेली दोन दिवसांची, बत्तीस माणसांची सहल. पहिल्या दिवशी नवेगावबांध, मुक्काम गोंदियाला आणि दुसऱ्या दिवशी हाजरा फॉल व कचारगड. कचारगड हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले, छत्तीसगडच्या हद्दीजवळचे, डोंगरजंगलातले स्थान. पत्रिकेत त्याच्यापुढे 'आशिया खंडातील सर्वांत मोठ्या नैसर्गिक गुहांपैकी एक' असे ठळक अक्षरांत छापले होते. मोठेपणाचा उल्लेख आला की आपण मापे विचारत नाही. मान डोलवतो आणि नाव नोंदवतो.

बस म्हटली की बिऱ्हाडे आलीच. पहिल्या बाकावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. किलोमीटरचे दगड आणि घड्याळ यांचा ताळेबंद ते एका छोट्या वहीत लिहीत होते. त्यांच्या मागे दोन जावा होत्या. त्यांचे एकमेकींशी पटत असल्याचे पाहून सबंध बस अचंब्यात होती. सहलीचा व्यवस्थापक पंचविशीतला मुलगा. हातात ध्वनिक्षेपक घेऊन प्रत्येक गोष्टीला तो 'पुढचं आकर्षण' म्हणे, चहाच्या टपरीलासुद्धा. आणि अगदी मागच्या बाकावर, खिडकीशी, एक बाई एकट्याच बसल्या होत्या. साठी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, मांडीवर कापडी पिशवी. विचारले तेवढ्याचेच उत्तर देत. सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या आणि निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, एवढी माहिती माझ्या पत्नीने भंडारा येईपर्यंत काढली. त्यापुढे तिलाही यश आले नाही, यावरून वाचकांनी त्या बाईंच्या अबोलपणाची कल्पना करावी.

गोंदियाच्या मुक्कामी रात्री पाऊस सुरू झाला. सकाळी सातला निघालो तेव्हा तो कोसळत होता आणि आमगाव मागे पडेपर्यंत आभाळ थेट बसच्या टपावर येऊन बसले होते. काकांनी वहीत 'पाऊस' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

बाहेर मात्र वेगळाच मामला होता. हा सारा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तो भंडाऱ्यातच होता. दोन्ही जिल्हे मिळून आजही तळ्यांचाच मुलूख म्हणून ओळखले जातात. कोहळी मंडळींनी जुन्या काळी बांधलेले तलाव, शेताच्या उंचवट्याला खोदलेल्या बोड्या, त्यांच्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या बांध्या आणि त्या दिवशी त्या काठोकाठ भरलेल्या. रोवणीचे दिवस होते. गुडघाभर चिखलात बायकांच्या रांगा वाकलेल्या, डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी आणि उजवा हात शिवणयंत्राच्या सुईसारखा वरखाली. एक रांग हसत होती. बसकडे बघून हसत होती, असा माझा समज झाला. आम्ही काचेआडून पावसाला शिव्या देत होतो आणि काचेपलीकडच्या माणसांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचेच नाव सर्वांत वर होते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना एकच पाऊस दोन वेगळ्या गावांत पडावा तसा पडत होता.

दरेकशाजवळ हाजरा फॉलला पोचलो. धबधबा काही दिसला नाही, ऐकू आला. ढगाचा एक पांढरा पडदा दरीत उतरला होता आणि त्यामागे कुणी अखंड दळण दळत असावे तसा घरघराट चालला होता. काही मंडळींनी त्या पांढऱ्या पडद्याचीच छायाचित्रे काढली. मध्येच एका गाडीची शिटी आली आणि रुळांचा खडखडाट डोंगरात शिरून गेला. नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारी आगगाडी १८८०च्या दशकात या डोंगरांतून नेली. आज तोच मुंबई-हावडा मार्ग आहे. गाडीही दिसली नाही, आवाजच आला. त्या दिवशी जणू डोळ्यांना रजा होती आणि सगळे काम कानांवर पडले होते. 'पुढचं आकर्षण कचारगड,' व्यवस्थापक म्हणाला. पण त्याच्या आवाजातला जोर भिजला होता.

धनेगावला बस थांबली. वाटाड्या छत्री धरून उभाच होता. गावातलाच तिशीच्या आतला तरुण, गळ्यात पिवळा दुपट्टा. 'जय सेवा' म्हणत त्याने हात जोडले आणि लगेच सांगून टाकले, "आज वर जाता येत नाही, जी. नाला आला."

बसमध्ये क्षणभर शांतता पसरली. मग काका उठले.

"नाला म्हणजे पाणी किती? गुडघाभर?"

"आता गुडघाभर, जी. पण वर डोंगरात पाऊस लागूनच आहे. जाताना गुडघाभर असंल, येताना नसंल."

"अहो, आम्ही कचारगडचे पैसे भरले आहेत!"

"कचारगड कुठं जात नाही, जी," तो शांतपणे म्हणाला. "तुमीच जाल, म्हणून म्हणतो."

दोघी जावा एकदम हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी व्यवस्थापकाकडे पाहिले, व्यवस्थापकाने फोनकडे पाहिले आणि फोनने, त्या डोंगरात संपर्क नसल्यामुळे, कुणाकडेच पाहिले नाही. थोडी वादावादी झाली. एक गृहस्थ म्हणाले, आपण गटागटाने दोर धरून जाऊ. हे गृहस्थ आदल्या दिवशी नवेगावबांधच्या पायऱ्या उतरताना दोन माणसांचा आधार घेत होते. वाटाड्या सगळ्यांचे ऐकून घेत होता आणि प्रत्येकाला तेच उत्तर देत होता. वाट दाखवणाऱ्याची विद्या आपण पावलांवरून मोजतो, पण कुठे पाऊल टाकू नये हेही त्याच विद्येत येते. आम्हाला नाही म्हटल्याने त्याची दिवसाची मजुरी बुडण्याचा संभव होता, आणि तरीही तो नाही म्हणत होता, हे माझ्या मनात राहिले.

शेवटी ठरले, की गावातल्या मंडपात बसायचे, बचत गटाच्या बायकांनी रांधलेले एकचे जेवण अकरालाच उरकायचे आणि पाऊस उघडला तर पुढचा विचार करायचा. पत्र्याखाली सतरंज्या पडल्या. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागे. त्या ओरडण्यातच वाटाड्याने आम्हाला गुहा दाखवली. म्हणजे सांगितली.

गोंड लोकांच्या परंपरेत हे स्थान उगमाचे आहे. माता कली कंकालीची मुले, तेहतीस जण. फार द्वाड. शंभूने त्यांना या डोंगरातल्या गुहेत कोंडले आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली. मुले आत, आई बाहेर. त्यांना सोडवायला पारी कुपार लिंगो आला; माता जंगो रायताड आली; आणि हिरासुका पाटालीर नावाचा गायक आला. हिरासुकाने दाराशी बसून वाद्य वाजवायला सुरुवात केली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले. त्यांनी आतून आणि लिंगोने बाहेरून लावलेल्या जोराने शिळा सुटली. मुले मोकळी झाली आणि शिळा घरंगळली ती गाणाऱ्याच्या अंगावर. मुक्त झालेल्या पोरांना लिंगोने शिकवले, त्यांची कुळे लावून दिली, देव वाटून दिले. "आमचं गाणारं माणूस तिथं दबलं, जी," वाटाड्या म्हणाला, "म्हणून आमचे पाटाडी अजून गातात."

ही कथा मी नागपुरी वाचनात एका वेगळ्या वाटेने ओळखत होतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले; त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही तिथे उभे आहे. गोंडांची गाणी सांभाळणाऱ्या एका परधान गायकाकडून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत उतरून घेतले. ते छापायचे राहिले होते तोच, सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून रात्री परतताना, पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. त्यांची कागदपत्रे रिचर्ड टेंपलने १८६६ साली प्रसिद्ध केली आणि गीत वाचले. त्या गीतातही गुहा आहे, कोंडलेले गोंड आहेत आणि त्यांचा ठाव 'काचीकोपा लोहागड' असा सांगितलेला आहे. तो लोहागड म्हणजेच हा कचारगड, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. गोंडीचा शब्दकोश रचणारे नागपूरचे मोतीरावण कंगाली (ते २०१५ साली वारले) आणि त्यांचे सोबती यांनी १९८०च्या दशकात या जागेकडे समाजाचे लक्ष नव्याने वेधले. तेव्हा मोजक्या माणसांनी केलेली माघ पौर्णिमेची यात्रा आता लाखोंची झाली आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा चहूकडून माणसे येतात आणि एरवी शांत असलेल्या या गावातून पाऊल टाकायला जागा उरत नाही.

हिस्लॉपच्या गीतात आणखी एक प्रसंग आहे आणि तो त्या पत्र्याखाली मला फार आठवला. गुहेतून सुटलेल्यांना घेऊन लिंगो निघतो. वाटेत नदी लागते. बाकीचे पार होतात. चौघे मागे राहतात आणि नदीला पूर येतो. एक मगर आणि एक कासवी त्यांना पलीकडे न्यायला तयार होतात. मगर दगा देते. कासवी पाठीवर घेऊन तारते. त्या दिवसापासून कासवाला इजा करायची नाही, असा त्यांनी शब्द दिला. काय गंमत आहे पाहा! गोंडांचा हा पहिला पुढारीसुद्धा माणसे घेऊन निघाला तेव्हा वाटेत पाणी आडवे आलेच होते. त्याची कथा सांगणाऱ्यांनी पूर गाळून टाकला नाही. कथेत घेतला, आणि ज्याने तारले त्याचे नाव पुढच्या पिढ्यांना सांगून ठेवले.

तेवढ्यात पाने पडली. जेवणाआधी गरम पेज आली. एक म्हातारी, कपाळावर गोंदण, हातात पातेले, पंगतीत वाढत चालली होती. मागच्या बाकावरच्या बाई माझ्या पत्नीच्या शेजारी बसल्या होत्या. म्हातारी त्यांच्यापुढे आली आणि तिने विचारले, "जावा?"

बाईंनी पुढे केलेली वाटी तशीच थांबली.

"काय म्हणालात?"

"पेज, जी. आमी जावा म्हणतो."

"जावा," बाई म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, जरा हळू, "जावा." आणि वाटी खाली ठेवून त्या म्हातारीकडे बघत राहिल्या.

शहरातल्या माणसाने एका शब्दावर असे थांबायचे कारण म्हातारीने एका क्षणात ओळखले असावे. तिने पातेले टेकवले, समोर उकिडवी बसली आणि मराठीतच विचारले, "किती देवांच्या?"

हा प्रश्न आपल्याला कोड्यासारखा वाटेल. गोंडांत कुळे देवांच्या संख्येवरून ओळखली जातात. कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. एका संख्येचे ते भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही. वेगळ्या संख्येचे ते सोयरे. तेव्हा 'किती देवांच्या?' म्हणजे 'तू माझी कोण?'

बाई लगेच बोलल्या नाहीत. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून त्यांनी, लहान मुले मोजतात तसे, मोजायला सुरुवात केली. "उंदी... रंड... मूंड... नालुंग... सैयुंग..." प्रत्येक शब्द जणू खोल विहिरीतून दोराने ओढून काढत होत्या. "सारूंग," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "सहा."

"येडुंग," म्हातारीने छातीवर हात ठेवून पुढचा आकडा घातला. "मी सात. म्हंजे सोयरीण आली की!" आणि तिने पातेले उचलून काठोकाठ वाटी भरली.

एवढेच घडले. पत्र्यावर पाऊस वाजतच होता आणि चार माणसांपलीकडे ते कुणाच्या लक्षातही आले नसेल.

पुढचे बाईंनी थोडेथोडे सांगितले, तेही आम्ही विचारले नाही म्हणून. वडील रेल्वेत रुळांच्या टोळीवर होते. बदली होऊन कुटुंब नागपूरला आले. शाळेत पोरे बोलण्याला हसत. एकदा त्या रडत घरी आल्या आणि त्या दिवसापासून आईने घरात गोंडी बंद केली. "पाणी मागायचं तर 'पाणी'च म्हणायचं, 'येर' म्हणायचं नाही. नाहीतर मिळायचं नाही." आजी होती तोवर सागरगोटे खेळताना आकडे कानावर पडत, तेवढे राहिले. पुढे नोकरीत इतकी वर्षे गेली, वॉर्डात सगळ्या भाषांचे रोगी आले. कधी डोंगरातली एखादी बाई येई आणि कण्हताना आपल्या भाषेत काही मागे. "कळायचं नाही मला. पण वाटायचं, कळत होतं."

आईला एकदा कचारगड बघायचे होते. माघातल्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला आणणे जमले नाही आणि मग आईच राहिली नाही. म्हणून या सहलीत त्यांनी नाव नोंदवले होते. मांडीवरच्या पिशवीत एक नारळ होता आणि फडक्यात बांधलेले मूठभर हळदीचे तांदूळ.

आमच्या बत्तीस जणांत कचारगड न दिसल्याची तक्रार करण्याचा खरा हक्क कुणाला असेल, तर तो त्यांना होता. आमचे फार तर एक दृश्य हुकले होते. त्यांचे आईला दिलेले वचन नाल्याच्या अलीकडे अडले होते. त्यांनी वाटाड्याला एकच विचारले, "गुहा कुठल्या अंगाला?"

तो मंडपाच्या कडेला आला आणि त्याने पावसात हात केला. त्या दिशेला काहीही दिसत नव्हते; राखाडी पाणी आणि त्यामागे जास्त राखाडी काहीतरी. बाई पायऱ्या उतरून तिथे गेल्या. म्हातारी पातेले ठेवून त्यांच्याबरोबर गेली. तांदूळ मातीवर ठेवले, नारळ वाढवला. म्हातारी काहीतरी पुटपुटली. त्यातले बाईंना किती समजले, मला सांगता येणार नाही. त्या तेच शब्द तिच्यामागून म्हणत होत्या, एवढे दिसत होते. त्यांच्या डोक्यावर छत्री धरून पाठमोरे कुणीतरी उभे होते. नीट पाहिले तर ते बँकेतले काका. स्वतः ते पूर्ण भिजत होते.

पाऊस उघडला नाही. दोनच्या सुमारास बस निघाली. परतीच्या वाटेवर काकांनी पैसे परत मिळण्यासाठी अर्ज लिहिला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. माणूस हिशेबाचा पक्का, छत्री धरली म्हणून बाकी सोडायचा नाही. कागद फिरत मागच्या बाकावर गेला. बाईंनी वाचला, घडी घातली आणि सही न करता परत दिला. "माझं काही राहिलं नाही," त्या म्हणाल्या. काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले आणि एकतीस सह्यांचा अर्ज वहीत ठेवला.

२०११ च्या जनगणनेत गोंडी ही आपली मातृभाषा असे सांगणारे सुमारे एकोणतीस लाख लोक होते. गोंड समाजाची संख्या त्याच जनगणनेत एक कोटीच्या वर आहे. या दोन आकड्यांमधल्या दरीत अशा किती बायका असतील, ज्यांच्याजवळ सागरगोट्यांपुरते सहा-सात शब्द उरले आहेत? भाषा तशी परकी नाही. तेलुगू जाणणाऱ्याला 'रेंडु, मूडु, नालुगु' यांची ही सख्खी भावंडे सहज ओळखू येतील. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही, आणि एखाद्या घरात तर आईनेच, लेकराच्या भल्यासाठी, तिच्या तोंडावर शिळा लावलेली असते. ती शिळा कुणी फुंकर घालून हलणारी नाही. पण कथेवर विश्वास ठेवायचा तर पहिली शिळासुद्धा नुसत्या दंडाच्या बळावर हलली नव्हती. आधी बाहेरून कुणीतरी आवाज दिला आणि मग आतल्यांना जोर आला. पेजेच्या पातेल्यामागून आलेला एक शब्दही कधी तेवढे काम करतो.

नातलग विचारतात, 'कचारगड पाहिलंत?' मी सांगतो, नाही. 'मग एवढं जाऊन काय केलंत?' ऐकले, असे म्हटले की ते हसतात. दिवाळी झाली, आता थोड्या महिन्यांनी माघ येईल, नाला पायाखाली खडकांपुरता उरेल आणि ज्याला गुहा पाहायची तो खुशाल पाहून येईल. आम्हीही जाऊ म्हणतो. पत्नीने त्यासाठी तयारी चालवली आहे. त्या बाईंकडे तिचे जाणेयेणे सुरू झाले आहे आणि भाजी निवडता निवडता दोघींचा आकड्यांचा अभ्यास चालतो. आमचा चार वर्षांचा नातू परवा जिना चढताना पायऱ्या मोजत होता. उंदी, रंड, मूंड, नालुंग, सैयुंग, सारूंग, येडुंग, आणि मग आठ, नऊ, दहा.